सारख्याच दिसणाऱ्या दोन मेमरी फोम गाद्या आणि झोपणारे तिघे तीन तऱ्हेचे : कुठली घेऊ?

जुळेकर | ९ मे, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. आठवडाभर या गाद्यांनी डोकं खाल्लंय, म्हणून धागा काढतोय.

घरात वडिलांनी करून घेतलेला सागवानी पलंग आहे. त्यावर आजवर कापसाचीच गादी होती. दोन-तीन वर्षांनी पिंजारी दारात यायचा, अंगणात कापूस पिंजायचा, गादी पुन्हा फुगायची. आता चार-पाच वर्षांत आमच्या भागात तुणतुण ऐकू आलेली नाही आणि गादीत असे गोळे झालेत की बटाट्याच्या पोत्यावर झोपल्यासारखं वाटतं. मग ठरवलं, एकदाच मेमरी फोम घेऊन टाकू.

इथे सोलापुरात होटगी रोडला एका दुकानात एकाच कंपनीच्या दोन गाद्या दाखवल्या. पहिली सहा इंची, नावात 'ऑर्थो'. दुसरी आठ इंची, नावात 'कम्फर्ट'. दोन्हींवर लिहिलंय मेमरी फोम, दोन्हींवर ४० डेन्सिटी, दोन्हींना दहा वर्षांची वॉरंटी, कापडसुद्धा तेच. फरक ४,८०० रुपयांचा. फरक कशाचा, विचारलं तर म्हणाला, "दोन इंचांचा, सर."

आता झोपणारे. मी ४६, वजन ९१ किलो, उताणा झोपतो, सकाळी कंबर धरलेली असते. बायको ५४ किलो, कायम उजव्या कुशीवर, तो खांदा दुखतो. आई ७३ वर्षांची, दुसऱ्या खोलीत झोपते, दोन्ही गुडघे गेलेत, रात्री तीनदा उठते. तिघांना एकच मॉडेल घेतलं तर दुकानदार सूट देतोय. वरचा मजला, डोक्यावर स्लॅब, एसी नाही, कूलर आहे.

'ऑर्थो' की 'कम्फर्ट'?

चादरबहाद्दर | ९ मे, रात्री ११.२५

अशोक चौकात जन्म गेला आमचा. दोन सोलापुरी चादरी खाली, एक वर, गच्चीवर आडवं व्हायचं. मेमरी कशाला पायजे की वो गादीला, झोपल्यावर इसरायचंच असतंय सगळं.

जुळेकर | ९ मे, रात्री ११.३१

हा हा. गच्चीवर झोपायची हौस आहे हो, पण चौथ्या दिवशी पहाटे पाणी येतं तेव्हा जिना उतरून मोटर लावायला मीच जातो, या कमरेनं.

गादीवाले_काका | १० मे, सकाळी ७.५०

तीस वर्षं फोम आणि काथ्याच्या गाद्या विकल्या, आता दुकान मुलाकडे आहे. म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट. 'मेमरी फोम गादी' असं म्हणतात खरं, पण अख्खी गादी मेमरीची नसते. वर एक, दीड, फार तर दोन-तीन इंच मेमरी असते आणि खाली साधा पीयू (पॉलियुरेथेन) नाहीतर एचआर फोम. एचआर म्हणजे जास्त उसळणारा फोम, दाबला की लगेच वर येतो. मेमरी दाबली की हळूहळू वर येते, हाताचा ठसा दोन-चार सेकंद राहतो. तेव्हा दोन सारख्या गाद्यांत खरा फरक विचारायचा तो असा : मेमरीचा थर किती इंच, आणि त्याच्या खाली काय आहे? तुम्ही जाडी विचारलीत, त्याने जाडी सांगितली. तो खोटं बोलला नाही.

दुसरी गोष्ट, डेन्सिटी. आपल्याकडे गिऱ्हाईक विचारतं, "चाळीसची आहे ना? म्हणजे कडक ना?" डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, ती डेन्सिटी. ४० चा फोम मऊ करता येतो, २८ चा कडकही करता येतो. डेन्सिटी सांगते तो टिकेल किती. कमी डेन्सिटीचा फोम पहिल्या वर्षी झकास वाटतो, तिसऱ्या वर्षी कमरेखाली खड्डा पडतो. उलट ८०-१०० ची डेन्सिटी सांगून खपवतात तो रिबॉन्डेड असतो. फोमची कात्रणं डिंकाने दाबून केलेली लादी. दगडासारखी. त्यालाच पुष्कळ ठिकाणी 'ऑर्थो' म्हणतात. ऑर्थो हा शब्द कुणालाही छापता येतो, त्यासाठी डॉक्टरची सही लागत नाही.

तुमच्या दोन गाद्यांची चेन उघडून बघा. बाहेरच्या कापडाला चेन असते, आत पांढरं जाळीचं कापड असतं. दुकानदार उघडू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

कणा_सांभाळा | १० मे, दुपारी १.१५

मी फिजिओथेरपिस्ट आहे. काकांनी गादीचं सांगितलं, मी झोपणाऱ्यांचं सांगते.

कुशीवर झोपणाऱ्याचा सगळा भार खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी येतो. ती दोन ठिकाणं आत गेली तर मणका सरळ राहतो. गादी कडक असेल तर खांदा आत जात नाही, वरच दाबला जातो, आणि ५४ किलोच्या बाईला तर मध्यम गादीसुद्धा कडकच वाटते, कारण तिच्या वजनाने फोम दबतच नाही. एक इंच मेमरी तिला बहुधा पुरणार नाही. दोन इंच हवी, आणि तिच्या खालचा थर एकदम टणक नको.

तुमचं उलट आहे. उताण्या माणसाचं सगळ्यात जड ठिकाण म्हणजे कंबर-नितंब. ९१ किलोला मऊ गादी दिली की मधला भाग खाली जातो, छाती आणि पाय वर राहतात, रात्रभर कंबर झोळीत. तीच गादी तुमच्या पत्नीला आरामशीर आणि तुम्हाला त्रासाची. दोघेही खरं सांगताय, गादीही तीच आहे.

आणि "कंबर दुखते म्हणजे कडक गादी" हे आपल्याकडचं डोक्यात बसलेलं आहे. २००३ साली लॅन्सेटमध्ये स्पेनमधला एक अभ्यास आला होता, जुनी कंबरदुखी असलेले ३१३ लोक, अर्ध्यांना कडक गादी, अर्ध्यांना मध्यम कडक. तीन महिन्यांनी मध्यम कडकवाल्यांचं दुखणं जास्त कमी होतं. मध्यम कडक, लक्षात घ्या. मऊ नव्हे.

आईसाठी मात्र मेमरी फोम घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. कारण लिहिते संध्याकाळी, पेशंट आलेत.

पालथा_पुणेकर | १० मे, दुपारी २.०५

मूळ सोलापूरचा, सध्या पुण्यात. मी पोटावर झोपतो. मला तर गेल्या वर्षी घेतलेल्या मेमरी गादीने वीट आणला. नाकच आत रुततं. काय करावं?

कणा_सांभाळा | १० मे, दुपारी २.३०

पोटावर झोपणं सोडावं. नाहीच सुटत तर कडक आणि पातळ मेमरीची गादी, उशी एकदम चपटी किंवा नकोच, आणि एक चपटी उशी ओटीपोटाखाली. पोटावर झोपल्यावर मऊ गादीत पोट आत जातं आणि कमरेची कमान जास्तच ताणली जाते. गादीला दोष देऊ नका, ती तुमच्यासाठी नव्हतीच.

नासिककर_पण_सासर_सोलापूर | १० मे, दुपारी ४.४०

आम्हाला विकताना सांगितलं होतं, "मॅडम, नासाचं तंत्रज्ञान आहे." खरं आहे का हे?

गादीवाले_काका | १० मे, संध्याकाळी ५.१०

फोमपुरतं खरं आहे. १९६६ च्या सुमारास चार्ल्स योस्ट नावाच्या इंजिनियरने नासाच्या एम्स केंद्रासाठी विमानाच्या खुर्च्यांना हा फोम काढला, धक्का बसला तर माणूस सांभाळला जावा म्हणून. गाद्यांमध्ये तो बऱ्याच नंतर आला. पण तुमची गादी नासाने केलेली नाही. त्या हिशेबाने माझ्या बायकोचा नॉनस्टिक तवापण रॉकेट होईल.

कणा_सांभाळा | १० मे, रात्री ९.२०

आईबद्दल. मेमरी फोममध्ये माणूस आपल्या आकाराच्या खड्ड्यात बसतो. धडधाकट माणसाला ते छान वाटतं. पण कूस बदलायची म्हणजे त्या खड्ड्यातून बाहेर यायचं, आणि फोम लगेच वर येत नाही. गुडघे-खुबे दुखणाऱ्या माणसाला दर वेळी जोर लावावा लागतो. पार्किन्सनच्या पेशंटांना तर मी सरळ नको म्हणते.

उठताना तर आणखी पंचाईत. गुडघेदुखीची माणसं पलंगाच्या काठावर बसून, हाताचा रेटा देऊन उठतात. काठावरचा फोम दबला तर हातही आत आणि बूडही आत. आणि उंची! पलंगावर बसल्यावर पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत, गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली. जमिनीपासून पलंगाची फळी किती इंचांवर आहे ते मोजा, मग गादीची जाडी ठरवा. आपल्या आयांची उंची पाच फूट. आठ इंची गादी टाकली की पाय लोंबकळतात, आणि रात्री तीनदा अंधारात उतरायचं आहे.

जुळेकर | १० मे, रात्री १०.०२

आईच्या पलंगाची फळी १४ इंचांवर आहे. तिला विचारलं, आत्ताच्या गोळ्यांच्या गादीवर कसं वाटतं? म्हणाली, "गोळे आहेत ते माहितीचे आहेत, कुठं पाय ठेवायचा ते ठाऊक आहे."

अक्कलकोट_रोड | ११ मे, सकाळी ८.१५

एक मुद्दा सगळे विसरलात, तो म्हणजे सोलापूर.

मेमरी फोम तापमानावर चालतो. ऊब लागली की मऊ, गार पडला की कडक. अंगाच्या उबेने तो वितळल्यासारखा आकार घेतो, हीच तर त्याची करामत. आता जुळेकरांनी गादी कुठे बघितली? एसी दुकानात, २४ डिग्रीत. झोपणार कुठे? वरच्या मजल्यावर, दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली, मे महिन्यात, रात्री अकराला खोलीत ३३-३४. दुकानात मध्यम वाटलेली गादी घरी मऊ होणार. ९१ किलोंच्या माणसाने दुकानातच 'आहाहा' म्हटलं तर घरी झोळी नक्की.

हाच फोम जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, पहाटे कडक लागतो. पाच-दहा मिनिटं अंग टाकल्यावर मग नरम होतो. मी दोन्ही ऋतू भोगलेत.

आणि उकाडा. मेमरी अंगाला चहूबाजूंनी लागून राहते, वारा जायला जागा नाही. 'जेल'वाली घ्या म्हणतात. जेल पहिला अर्धा तास थंड वाटतं, कारण ते अंगाची ऊब शोषून घेतं. ती ऊब पुढे जाणार कुठे? खोलीच तापलेली असेल तर जेलही तापतं. एसी असणाऱ्याला जेल ठीक. आपण कूलरवाले.

चादरबहाद्दर | ११ मे, सकाळी ८.४०

म्हणून म्हणलं गच्ची.

गादीवाले_काका | ११ मे, सकाळी ९.०५

अक्कलकोट रोडला शंभरपैकी शंभर. कूलरचं आणखी एक. आपली हवा कोरडी, म्हणून कूलर छान चालतो, पण तो खोलीत ओल आणतो. पेटीच्या पलंगावर, खाली बंद प्लाय, वर फोम, बाजूला कूलर असं तीन महिने चाललं की गादीच्या पोटाला कुबट वास येतो. प्लायला एकेक फुटावर भोकं पाडून घ्या, खिडकी उघडी ठेवा, महिन्यातून दोनदा गादी भिंतीला उभी करा. उन्हात मात्र नाही.

निद्रानाश_नंबर_एक | ११ मे, दुपारी १२.२०

उन्हात का नाही? आमच्या सासऱ्यांनी नवी कोरी फोमची गादी तीन दिवस गच्चीवर टाकली, "ढेकूण मरतात" म्हणून. वरून पिवळी पडली आणि आता चुरा गळतो.

गादीवाले_काका | ११ मे, दुपारी १२.४५

हेच. कापसाला ऊन म्हणजे औषध, फोमला विष. उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलियुरेथेन पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं. सासऱ्यांना बोलू नका, त्यांची सवय कापसाची. सावलीत, वाऱ्याला उभी करायची, बस्स.

बाळंतिणीची_बहीण | ११ मे, दुपारी ३.३०

विषयाला जोडूनच विचारते. बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. बाळासाठी छोटी मेमरी गादी घ्यावी का? मऊ असते म्हणून.

कणा_सांभाळा | ११ मे, दुपारी ३.४१

नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मऊ काहीही नको. गादी सपाट आणि घट्ट, दाबली तर ठसा राहणार नाही अशी. मऊ गादीत तोंड रुतलं तर बाळाला मान वळवता येत नाही, श्वास अडकतो. उशी, लोड, जाड गोधडी यांपैकी काही बाळाजवळ नको. उताणं झोपवायचं. मोठ्यांच्या मेमरी गादीवरही बाळ मध्ये घेऊन झोपू नका. याबाबत 'थोडंसं चालतं' असं काही नसतं.

जुळेकर | १४ मे, रात्री ११.३०

काका, तुमचं ऐकून काल पुन्हा दुकानात गेलो. चेन उघडली.

'ऑर्थो'त वर एक इंच मेमरी, खाली पाच इंच बऱ्यापैकी घट्ट फोम. 'कम्फर्ट'मध्ये वर दोन इंच मेमरी, खाली सहा इंच मऊसर फोम. म्हणजे दोन इंचांचा फरक असा वाटला गेलाय. ७५ × ३६ ची सिंगल तुकड्यातली दोन्ही होती. मी दुकानाच्या वजनकाट्यावर गादी कवटाळून उभा राहिलो. (सेल्समनने फोटो काढला, तो इथे टाकणार नाही.) माझं वजन वजा केलं : 'ऑर्थो' ९.८ किलो, 'कम्फर्ट' ११.२ किलो.

यावरून डेन्सिटी काढता येते का? दोन्हीवर ४० लिहिलंय.

गादीवाले_काका | १५ मे, सकाळी ७.१५

शाब्बास! तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने माझ्याकडे गादी कवटाळून वजन केलं नाही, बरं झालं.

हिशेब असा. लांबी × रुंदी × जाडी, सगळं इंचात, गुणाकाराला ६१,०२४ ने भागायचं, घनमीटर मिळतात. 'ऑर्थो' : ७५ × ३६ × ६ म्हणजे १६,२००, भागिले ६१,०२४, साधारण ०.२६५ घनमीटर. वजनातून कापडाचं किलो-सव्वा किलो काढा, उरलं ८.६. भागून सरासरी आली ३२ च्या आसपास. वरचा इंच खरंच ४० चा धरला, तर खालचे पाच इंच ३१ चे पडतात.

आता 'कम्फर्ट' : २१,६०० भागिले ६१,०२४, म्हणजे ०.३५४. कापड वजा जाता १० किलो. सरासरी २८. वरचे दोन इंच ४० चे असतील तर खालचे सहा इंच फक्त २४ चे!

काट्याच्या चुकीने एखाद-दोन आकडे इकडे-तिकडे होतील, पण गोष्ट कळली ना? ४० ही डेन्सिटी फक्त वरच्या थराची. आणि ज्या गादीला ४,८०० जास्त मागतोय तिचा पाया स्वस्तातल्या गादीपेक्षा हलका. २४ चा फोम सोफ्याच्या पाठीला ठीक, बसायच्या जागी मी कधी घातला नाही. तुमच्या ९१ किलोखाली तो दोन वर्षांत बसणार.

अक्कलकोट_रोड | १५ मे, सकाळी ७.५०

हा हिशेब फ्रेम करून लावला पाहिजे. मीही माझ्या गादीचं वजन करणार आज. झोप उडणार बहुतेक.

शिस्तप्रिय | १५ मे, सकाळी १०.००

एवढी चिरफाड कशाला? नामांकित कंपनी बघावी, घ्यावी, मोकळं व्हावं.

गादीवाले_काका | १५ मे, सकाळी १०.३०

नामांकित कंपनीच्याही दहा प्रकारच्या गाद्या असतात हो. आणि नावं बघायची तर स्लीपवेल आणि कर्लऑन २०२३ पासून एकाच मालकाच्या घरात आहेत, गिऱ्हाईक मात्र अजून दोन दुकानांत भांडून येतं. नाव विचारा, हरकत नाही. पण त्या नावाखालच्या त्या एका गादीच्या पोटात काय आहे, तेही विचारा.

जमिनीवरचा | १५ मे, दुपारी १२.१०

हे सगळं पैसेवाल्यांचं. सतरंजीवर झोपा, पाठ आपोआप सरळ होते. आमचे आजोबा यंत्रमागावर बारा तास उभे राहून सतरंजीवर झोपायचे, ८८ वर्षं जगले.

कणा_सांभाळा | १५ मे, दुपारी १.४०

आजोबांना नमस्कार. पण बारा तास उभं राहिलेला माणूस कुठेही झोपतो. तरुण, सडपातळ आणि उताणा झोपणाऱ्याला सतरंजी चालते. खांदा दुखणाऱ्या, कुशीवर झोपणाऱ्या बाईला सतरंजी सांगणं म्हणजे शिक्षा. आणि गुडघे गेलेल्या ७३ वर्षांच्या आईला जमिनीवरून उठवायला दोन माणसं लागतील.

जुळेकर | १५ मे, रात्री १०.५०

मग आम्ही दोघांनी वेगवेगळ्या गाद्या घ्याव्यात का एकाच पलंगावर? बायको म्हणते, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, बेडरूममध्ये लोक कशाला येतील?

आणि ऑनलाइनवाले शंभर रात्रींची चाचणी देतात. ते बरं का? आमच्या एका मित्राने अशी गादी परत करायला काढली तर पिकअपला महिना लागला, तोवर ती हॉलमध्ये उभी होती, पाहुणे विचारत होते नवीन दार बसवलं का.

अक्कलकोट_रोड | १५ मे, रात्री ११.१५

चाचणी चांगली गोष्ट आहे, पण आधी तुमच्या पिनकोडला परत नेतात का ते विचारा, लेखी घ्या, आणि मूळ प्लास्टिक फाडून टाकू नका. डाग पडला तर बहुतेक कंपन्या परत घेत नाहीत, वॉरंटीही देत नाहीत. म्हणून पहिल्या रात्रीपासून कव्हर. फक्त प्लास्टिकचं कव्हर घेऊ नका, घामाने आंघोळ होईल. वर टेरी कापड आणि खाली पातळ अस्तर असतं तसं घ्या. टॉवेलच्या गावात राहतो आपण, निदान टेरी तरी चांगलं ओळखता येतं.

आणखी एक : पहिले पंधरा दिवस अंग कुरकुरतं. जुन्या खड्ड्याची सवय असते. महिनाभर तरी निकाल देऊ नका. चाचणी घ्यायची तर मेमध्येच घ्या, वाईटात वाईट हवेत गादी तपासली जाते. गुंडाळून आलेली गादी उघडली की वास येतो, दोन-तीन दिवस खिडकीजवळ पसरून ठेवा, पूर्ण फुगायलाही दिवस-दोन दिवस लागतात.

गादीवाले_काका | १६ मे, सकाळी ७.३०

एका पलंगावर दोन गाद्या घ्याच. पूर्वी दोन सिंगल गाद्या जोडूनच टाकायचो की आपण, तेव्हा लोक काही म्हणत नव्हते. जाडी मात्र सारखी हवी, नाहीतर मधोमध पायरी होते. तुमच्यासाठी मी असं करेन : खाली दोन इंच काथ्याचा पत्रा, त्यावर पाच इंच ४० चा एचआर, वर एक इंच मेमरी. आठ इंच झाली. बायकोला कुशीसाठी दोन इंच मेमरीवाली आठ इंची. कंपनीची असो नाहीतर करून घेतलेली.

माप पलंगाच्या आतून घ्या, तीन ठिकाणी. सागवानी जुना पलंग कधीच काटकोनात नसतो. आणि मेमरी एकाच बाजूला असते, ती उलटायची नाही. तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे करायची.

चादरबहाद्दर | १६ मे, सकाळी ९.२०

आता कामाचं सांगतो, चेष्टा नाही. मेमरीवर आपली जाड सोलापुरी चादर ताणून आंथरू नका. जकार्डची जड वीण असते, ती ढोलकीच्या कातड्यागत ताणली की खांदा खाली जातच नाही, मेमरीचे पैसे वाया. पातळ सुती बेडशीट घाला, थोडी सैल. चादर पांघरा. जानेवारीत पांघरायला तिच्यासारखं काही नाही, हे लिहून देतो.

कणा_सांभाळा | १६ मे, सकाळी ९.४५

चादरबहाद्दर, हे अगदी बरोबर सांगितलंत. आणि उशी! गादी मऊ झाली की खांदा आत जातो, म्हणजे डोकं आणि गादीमधलं अंतर कमी होतं. जुनी उंच उशी तशीच ठेवली तर मान वर वळलेली राहते. जुळेकर, पत्नीला आधी पातळ उशी देऊन बघा. निम्म्या वेळा गादी बदलल्यावर मान दुखते आणि लोक गादीला शिव्या देतात.

जुळेकर | २८ जून, रात्री १०.१५

उशिरा कळवतोय. मृग कोरडाच गेला, पण उकाडा उतरला म्हणून आता लिहायला सुचतंय.

मी काकांच्या मापाने गादी करून घेतली. फोमवाल्याने एचआर ४० आहे म्हणून सांगितलं, मी वजन केलं, पटलं. बायकोने मात्र हट्टाने ती दुकानातलीच 'कम्फर्ट' घेतली. तिने दुकानात वीस मिनिटं कुशीवर झोपून बघितली, माणसं येत-जात होती, ही डोळे मिटून. पाया २४ चा आहे हे दुकानदाराला हिशेब मांडून दाखवलं, त्याने ४,८०० मधले ३,००० सोडले. काका, तिच्या ५४ किलोला ती किती वर्षं जाईल?

माझी कंबर पहिले बारा दिवस जास्त दुखली. अक्कलकोट रोड, तुम्ही सांगितलं नसतं तर मी परत दिली असती. आता सकाळी मोजे घालताना भिंत धरावी लागत नाही. बायको खांदा पन्नास टक्के बरा म्हणते, उशी पातळ केल्यावर मानही गप्प. मेच्या शेवटच्या आठवड्यात मात्र तिला दोन रात्री उकडून उठावं लागलं आणि ती माझ्या बाजूला सरकली, मी काठावर.

आईसाठी चार इंच काथ्याची घेतली आणि तिची जुनी गादी बाळीवेशीजवळ मशीनवर पिंजून दोन इंची करून वर टाकली. एकूण २० इंच उंची, पाय टेकतात. पहिल्या रात्री झोपली आणि सकाळी म्हणाली, "कापूस माझाच आहे ना? बदलला नाही ना त्यानं?"

गादीवाले_काका | २९ जून, सकाळी ७.०५

५४ किलोला चार-पाच वर्षं काढेल. फक्त तुम्ही त्या बाजूला बसून मोबाइल बघू नका, एकाच जागी काठावर बसून फोम लवकर मरतो. मधली फट कशी काय आहे?

जुळेकर | २९ जून, सकाळी ७.४०

फट आहे, बोटभर. त्यात सोलापुरी चादर उभी घडी करून दाबून बसवलीय, वरून डबल बेडशीट. चादरबहाद्दर, ताणलेली नाही, शपथ.

चादरबहाद्दर | २९ जून, सकाळी ७.५२

कुठली चादर? नवी असली तर काढा ती, फटीत जुनी घाला.